फोकल एपिलेप्सी आणि जनुकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिट्सच्या रुग्णांचे आईवडील, जोडीदार आणि कधी कधी स्वतः रुग्ण यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. सोपे प्रश्न आधी आहेत, किचकट नंतर. पण सगळ्यांत आधी एक विनंती: इथलं वाचून कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद किंवा कमी करू नका. औषध अचानक थांबवल्यावर येणारी फिट जिवावर बेतू शकते.

१. डॉक्टरांनी "फोकल एपिलेप्सी" लिहिलंय. ही मिरगीच ना?

हो. मिरगी, आकडी, अपस्मार, एपिलेप्सी ही एकाच आजाराची नावं आहेत. फिट मेंदूच्या ठरावीक भागातून सुरू होत असेल तर तिला फोकल म्हणतात, दोन्ही बाजूंना एकदम सुरू होत असेल तर जनरलाइज्ड. एपिलेप्सीच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना फोकल प्रकार असतो.

फिट कशी दिसते हे ती कुठून सुरू होते यावर ठरतं. कुणाचा एकच हात झटके देतो, कुणाला पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, कुणी टक लावून बघत ओठ चाटत राहतं, कुणाला क्षणभर समोरच्याचं बोलणंच कळत नाही. तिथून ती पूर्ण शरीरात पसरली की घरच्यांच्या लक्षात फक्त शेवटचा भाग राहतो. म्हणून सुरुवातीच्या काही सेकंदांचा मोबाइल व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो.

२. फिट मेंदूच्या एकाच जागेतून येते, पण जनुकं तर शरीराच्या प्रत्येक पेशीत असतात. मग दोष जनुकात कसा?

हा प्रश्न डॉक्टरांनाही बरीच वर्षं पडलेला होता. आनुवंशिक एपिलेप्सी म्हणजे जनरलाइज्ड, आणि फोकल म्हणजे मार, गाठ किंवा जंतुसंसर्ग, अशी सरळ वाटणी पूर्वी होती. १९९५ साली ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या कुटुंबात सीएचआरएनए४ हे जनुक सापडलं आणि ती वाटणी मोडली. एपिलेप्सीशी जोडलं गेलेलं हे पहिलंच जनुक, आणि ते फोकल एपिलेप्सीचं निघालं. त्या कुटुंबातल्या लोकांना झोपेत मेंदूच्या कपाळामागच्या, म्हणजे फ्रंटल भागातून फिट्स येत.

एकाच जागी परिणाम होण्याची कारणं वेगवेगळी आहेत. काही जनुकांपासून बनणारं प्रथिन मेंदूच्या ठरावीक भागांत जास्त कामाचं असतं. एलजीआय१ मध्ये बदल असला की फिट बहुधा कानाजवळच्या टेम्पोरल भागातून सुरू होते. रुग्णाला घूं-घूं आवाज येतो, काहींना तर फोनची रिंग ऐकूनच फिट येते.

दुसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डीईपीडीसी५, एनपीआरएल२ आणि एनपीआरएल३ ही तीन जनुकं मिळून पेशीची वाढ ठरवणाऱ्या 'एमटॉर' यंत्रणेवर ब्रेकसारखं काम करतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत जन्मतः बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावते. मात्र बाळ पोटात असताना मेंदूतल्या एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही बिघडली, तर त्या पेशीपासून तयार झालेल्या छोट्याशा पट्ट्यात ब्रेकच उरत नाही. तिथल्या पेशी मोठ्या आणि वेड्यावाकड्या रचल्या जातात. एमआरआयमध्ये ते दिसलं तर त्याला फोकल कॉर्टिकल डिसप्लेसिया म्हणतात. पहिला बदल सगळ्या शरीरात, दुसरा मेंदूच्या चिमूटभर भागात, आणि फिट त्या चिमूटभर भागातून.

तिसरी शक्यता अशी की बदल जन्मतः शरीरात नसतोच. गर्भात मेंदू बनताना तो फक्त तिथल्या काही पेशींत घडतो (प्रश्न ८ आणि ११ पाहा).

३. आमच्या सात पिढ्यांत कुणाला फिट नाही. मग हे जनुकीय कसं?

जनुकीय आणि आनुवंशिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान बाळांच्या गंभीर एपिलेप्सीत बदल पुष्कळदा बाळातच नव्याने घडलेला असतो, आईवडिलांत तो नसतो.

मोठ्या वयात सुरू होणाऱ्या फोकल एपिलेप्सीत वेगळंच घडतं. बदल घराण्यात असतो, पण तो असलेल्या प्रत्येकाला फिट येत नाही. डीईपीडीसी५ किंवा एलजीआय१ मधला बदल असलेल्यांपैकी साधारण दोनतृतीयांश लोकांना एपिलेप्सी होते. बाकीचे आयुष्यभर ठणठणीत राहतात, पण बदल पुढच्या पिढीत देऊ शकतात. शिवाय डीईपीडीसी५ च्या कुटुंबांत एकाला टेम्पोरल भागातून फिट येते, दुसऱ्याला फ्रंटलमधून. बाहेरून ते दोन वेगळे आजार वाटतात.

तिसरी गोष्ट म्हणजे घरच्यांची आठवण. झोपेत ओरडून उठणाऱ्या काकांना 'बाहेरची बाधा' म्हटलं गेलेलं असतं, आत्याला 'लहानपणी तापात एकदा झालं होतं' एवढंच सांगितलं जातं. डॉक्टरांकडे जाण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईशी निवांत बोला. तिला जे आठवतं ते कुठल्याच फायलीत नसतं.

४. मग प्रत्येक फोकल रुग्णाने ही चाचणी करून घ्यावी का?

नाही. आपल्याकडे फोकल फिट्सचं एक मोठं कारण म्हणजे मेंदूतली टेपवर्मच्या अळीची गाठ, न्यूरोसिस्टिसर्कोसिस. स्कॅनमध्ये ती दिसत असेल, किंवा डोक्याला जबर मार, पक्षाघात, मेंदूज्वर, जन्मावेळी ऑक्सिजन कमी पडणं असं स्पष्ट कारण असेल, तर जनुकीय चाचणीतून सहसा काही हाती लागत नाही.

शाळकरी मुलाला पहाटे झोपेत तोंडाची एक बाजू ओढली जाते, लाळ गळते, थोडा वेळ बोलता येत नाही, बाकी मूल हुशार आणि खेळकर आहे, हा प्रकार बहुधा वयात येता येता आपोआप थांबतो. तिथेही चाचणीची घाई नको. अपवाद एकच: मुलाचं बोलणं किंवा समजणं मागे पडू लागलं तर थांबू नका. जीआरआयएन२ए या जनुकातला बदल अशा मुलांमध्ये सापडतो.

चाचणीचा विचार नक्की करावा असे रुग्ण म्हणजे वर्षाच्या आत फिट्स सुरू झालेली बाळं, विकास रखडलेली मुलं, जवळच्या नात्यात आणखी कुणाला एपिलेप्सी असलेले, झोपेत झुंडीने हातपाय झाडणाऱ्या फिट्स येणारे आणि दोन औषधं नीट घेऊनही फिट्स न थांबलेले पण एमआरआय नॉर्मल असलेले. पैसे भरण्याआधी डॉक्टरांना एकच विचारा: "रिपोर्ट आला तर काय बदलेल?" उत्तर ठोस असेल तर चाचणी करा.

५. चाचणी कशी होते? पॅनेल आणि एक्झोम यात काय फरक?

रक्ताचा छोटा नमुना पुरतो. पॅनेलमध्ये एपिलेप्सीशी संबंधित निवडक जनुकं वाचतात. एक्झोममध्ये प्रथिनं बनवणाऱ्या जवळजवळ सगळ्या जनुकांचा मजकूर वाचतात. गुणसूत्राचा एखादा तुकडा गळलेला किंवा दुप्पट झालेला शोधण्यासाठी मायक्रोअॅरे वेगळी करावी लागू शकते. आईवडिलांचे नमुने सोबत दिले तर निदान बरंच पक्कं होतं. निकालाला काही आठवडे लागतात.

एक्झोम करत असाल तर त्याचा कच्चा डेटा प्रयोगशाळेकडून मागून जपून ठेवा. का, ते प्रश्न १६ मध्ये आहे.

६. रिपोर्टमध्ये "व्हीयूएस" आलंय. म्हणजे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

दोन्ही नाही. सर्वांत जास्त झोप उडवणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगते.

सापडलेल्या बदलाला प्रयोगशाळा पाचपैकी एका वर्गात टाकते: आजार घडवणारा, बहुधा घडवणारा, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. ही पद्धत २०१५ पासून जगभर रूढ आहे. व्हीयूएस हा मधला वर्ग. प्रत्येक माणसात हजारो दुर्मिळ बदल असतात आणि त्यातले बहुतेक काहीच करत नाहीत. तुमच्या मुलाचा बदल त्यांतलाच आहे की आजाराचं कारण, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे, एवढंच व्हीयूएस सांगतं.

आपल्याकडे व्हीयूएस जास्त येण्याचं एक कारण आहे. एखादा बदल निरोगी लोकांत सर्रास दिसतो का, हे मोठ्या यादीत तपासतात, आणि या याद्यांमध्ये बरीच वर्षं युरोपीय वंशाच्या लोकांचीच भरती जास्त होती. एखाद्या भारतीय समाजात घरोघरी असलेला साधा बदलही तिथे 'दुर्मिळ' दिसतो. जीनोमइंडिया प्रकल्पात देशभरातल्या सुमारे १०,००० लोकांचे जीनोम वाचले गेले आहेत. अशी माहिती वाढेल तशी ही अडचण कमी होईल.

व्हीयूएस आल्यावर आईवडिलांची तपासणी उपयोगी पडते. बदल दोघांतही नसेल, मुलात नव्याने आलेला असेल, तर त्याचं वजन वाढतं. निरोगी वडिलांत तोच सापडला तर वजन कमी होतं. पण डीईपीडीसी५ सारख्या जनुकात वडील निरोगी असले तरी बदल दोषी असू शकतो, कारण तो असलेल्या प्रत्येकाला फिट येतच नाही (प्रश्न ३).

व्हीयूएसच्या भरवशावर औषध बदलायचं नसतं, गर्भाबद्दलचा निर्णय तर मुळीच घ्यायचा नसतो.

७. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर औषध बदलतं का?

काही जनुकांत बदलतं, आणि तो बदल फार मोठा असतो. सगळ्यांत नाही.

एससीएन१ए: बाळ पाच-आठ महिन्यांचं असताना तापात लांबलेली फिट, बरेचदा शरीराच्या एकाच बाजूला, कधी डावी कधी उजवी. यातून ड्रॅव्हे सिंड्रोम, म्हणजे लहानपणी सुरू होणारी एक गंभीर एपिलेप्सी, निघालं तर कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन आणि रोज घ्यायचं फेनिटॉइन, म्हणजे लोक ज्याला एप्टॉइन म्हणून ओळखतात, ही औषधं फिट्स वाढवू शकतात. फिट फोकल दिसली की यांपैकीच एखादं सुरू करण्याची पद्धत आहे, म्हणून निदान लवकर होणं इथे खरोखर मुलाचं आयुष्य बदलतं. त्याऐवजी व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम, स्टिरिपेन्टॉल, फेनफ्लुरामिन ही औषधं वापरतात.

केसीएनक्यू२ आणि पीआरआरटी२: इथे नेमकं उलट. जन्मानंतर काही दिवसांत किंवा काही महिन्यांत सुरू होणाऱ्या, पुढे आपोआप थांबणाऱ्या या फिट्सना कार्बामाझेपिनसारखी औषधं छान लागू पडतात.

एससीएन२ए: एकाच जनुकात दोन्ही टोकं. तीन महिन्यांच्या आत फिट्स सुरू झाल्या तर सोडियम चॅनेल रोखणारी औषधं (कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांसारखी) बहुधा उपयोगी पडतात, त्यानंतर सुरू झाल्या तर तीच औषधं त्रास वाढवू शकतात. त्यामुळे नुसतं जनुकाचं नाव गुगलवर शोधून निष्कर्ष काढू नका.

पीओएलजी: व्हॅल्प्रोएट टाळायचंच. यकृत निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो.

एसएलसी२ए१: मेंदूला साखर कमी पोचते, उपाशीपोटी त्रास वाढतो. इथे कीटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्ट आणि साखर) हाच मुख्य उपचार, आणि तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. घरी भात-पोळी बंद करून तो होत नाही.

टीएससी१, टीएससी२: ट्यूबरस स्क्लेरोसिस (मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी होणारा जनुकीय आजार) मधल्या, औषधांना दाद न देणाऱ्या फोकल फिट्ससाठी एव्हेरोलिमस वापरतात. ते एमटॉर यंत्रणेवरच काम करतं. डीईपीडीसी५ साठीही ते चालेल का, असं पालक विचारतात. तर्क बरोबर आहे, पण तो अजून प्रस्थापित उपचार नाही.

एलजीआय१ आणि सीएचआरएनए४ मध्ये नेहमीचीच औषधं वापरतात. कार्बामाझेपिन कमी मात्रेतही बऱ्याच जणांना पुरतं.

८. रिपोर्ट पूर्ण निगेटिव्ह आहे. म्हणजे जनुकीय कारण नाहीच ना?

तसं म्हणता येत नाही. रक्तात बदल नसून तो फक्त मेंदूच्या काही पेशींत असू शकतो. एमटॉर, पीआयके३सीए, एकेटी३, एसएलसी३५ए२ या जनुकांतले असे बदल ऑपरेशनमध्ये काढलेल्या मेंदूच्या तुकड्यात सापडतात, रक्तात दिसत नाहीत.

दुसरी शक्यता, एकाच मोठ्या बदलाऐवजी शेकडो छोट्या बदलांची बेरीज. २०२३ मध्ये जवळजवळ ३०,००० रुग्णांच्या जनुकांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जनुकसंचात एपिलेप्सीशी जोडलेल्या २६ जागा सापडल्या. त्यातल्या बहुतेक जनरलाइज्ड प्रकाराच्या होत्या, फक्त फोकलची अशी एकही जागा ठामपणे पुढे आली नाही. फोकल एपिलेप्सीच्या पोटात कितीतरी वेगवेगळी कारणं आहेत, हेच यातून दिसतं.

९. कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी डॉक्टरांनी एचएलए चाचणी सांगितली. तीही एपिलेप्सीचीच चाचणी का?

नाही, तिचा फिट्सच्या कारणाशी संबंध नाही. एचएलए-बी १५:०२ हा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना कार्बामाझेपिनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होण्याचा धोका बराच वाढतो: अंगभर फोड, तोंड आणि डोळे सोलवटणं, कातडी सुटणं. हा प्रकार आशियाई लोकांत जास्त आढळतो, भारतातही आढळतो. पॉझिटिव्ह आलात तर दुसरं औषध निवडतात. फेनिटॉइन आणि ऑक्सकार्बाझेपिनबाबतही मग सावध राहावं लागतं.

ही प्रतिक्रिया बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांत येते. कार्बामाझेपिन वर्षानुवर्षं सुखाने घेत असाल तर आता ही चाचणी करून फारसं काही साधत नाही. उलट, चाचणी निगेटिव्ह असली तरी नवीन गोळी सुरू केल्यावर ताप आणि पुरळ आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

१०. रिपोर्टमध्ये "एलजीआय१ अँटिबॉडी पॉझिटिव्ह" आलंय. आम्ही वाचलं की एलजीआय१ हे एपिलेप्सीचं जनुक आहे. मुलांनाही होणार का?

नाव तेच, आजार वेगळा. इथे जनुक ठीक आहे, शरीराची प्रतिकारशक्तीच एलजीआय१ प्रथिनावर हल्ला करते आहे. हे सहसा उतारवयात होतं. चेहरा आणि त्याच बाजूचा हात दिवसातून अनेकदा क्षणभर आखडतो, विसरभोळेपणा येतो, रक्तातलं सोडियम घसरतं. स्टिरॉइडसारख्या उपचारांनी पुष्कळ फरक पडतो आणि उशीर केला तर स्मरणशक्तीचं नुकसान राहू शकतं. मुलांच्या तपासणीची गरज नाही. रुग्णाचे उपचार लगेच सुरू व्हायला हवेत.

११. एमआरआयमध्ये डिसप्लेसिया आहे, ऑपरेशन ठरतंय. आता जनुकीय चाचणीने काय होणार?

दोन गोष्टी होतात. डीईपीडीसी५ सारखा एमटॉर यंत्रणेतला बदल निघाला आणि फिट एका जागेतूनच येते हे सिद्ध झालं, तर ऑपरेशन टाळायचं कारण नसतं. अशा रुग्णांना ऑपरेशनचा चांगला उपयोग झालेला आहे. पण एमआरआय नॉर्मल आहे आणि बदल एससीएन१ए सारख्या चॅनेलच्या जनुकात आहे, तर मेंदूचा तुकडा काढून फिट्स थांबण्याची शक्यता फार कमी असते.

ऑपरेशननंतर काढलेला तुकडा जनुकीय तपासणीसाठी जपून ठेवता येईल का, हे ऑपरेशनच्या आधीच विचारा. बदल फक्त त्या तुकड्यात सापडला तर भावंडांना आणि पुढच्या बाळाला त्याचा धोका नाही. कुटुंबासाठी ही बातमी मोठी असते.

१२. दोष माझ्याकडून आला की ह्यांच्याकडून? सासरी सगळे मलाच बोलतात.

तुमचा दोष नाही, आणि त्यांचाही नाही. कुठला बदल मुलाकडे जाईल यावर कुणाचाही ताबा नसतो. गरोदरपणात काय खाल्लं, कुठलं ग्रहण पाहिलं याचा जनुकातल्या बदलाशी संबंध नाही. नव्याने घडलेला बदल तर दोघांतही नसतो. समुपदेशनाला शक्य असेल तर सासूबाईंना सोबत घेऊन या. तिसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं घरात जास्त टिकतं, असा अनुभव आहे.

वडिलांकडून येणारा एक चकवा सांगते. पीसीडीएच१९ हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. त्यात बदल असलेल्या पुरुषाला सहसा फिट येत नाही, पण त्याच्या प्रत्येक मुलीकडे तो बदल जातो, आणि त्या मुलींना तापात एकामागून एक फिट्स येऊ शकतात. म्हणजे इथे मुलगे सुटतात आणि मुली अडकतात, नेहमीच्या एक्स-गुणसूत्री आजारांच्या उलट.

१३. पुढच्या बाळालाही होईल का?

कारणावर अवलंबून आहे. एका पालकात डीईपीडीसी५ सारखा बदल असेल तर तो बाळाकडे जाण्याची शक्यता निम्मी, आणि गेला तरी फिट येण्याची शक्यता दोनतृतीयांश. म्हणजे एकूण साधारण तीनात एक. बदल मुलात नव्याने आला असेल तर पुढच्या बाळाचा धोका साधारण शंभरात १ धरतात. तो शून्य नसतो, कारण आईच्या किंवा वडिलांच्या काही बीजपेशींत तो लपलेला असू शकतो. कारण सापडलंच नसेल, तर अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या एका मोठ्या अभ्यासानुसार रुग्णाच्या सख्ख्या नात्यात वयाच्या चाळिशीपर्यंत एपिलेप्सी होण्याचं प्रमाण शंभरात ५ च्या आसपास आहे. शंभरातल्या ९५ जणांना होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

बदल नक्की माहीत असेल तर गर्भाची तपासणी किंवा आयव्हीएफमध्ये भ्रूणाची तपासणी शक्य आहे. ती पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच होते.

स्वतः आईला एपिलेप्सी असेल तर जनुकापेक्षा आधी औषधाची यादी पाहा. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर शंभरातल्या साधारण १० बाळांत जन्मजात व्यंग आढळतं. दिवस जाण्याच्या आधीच न्यूरॉलॉजिस्टला भेटा, फॉलिक अॅसिड सुरू करा.

१४. आमचं लग्न मामेबहिणीशी झालंय. त्यामुळेच झालं का?

फोकल एपिलेप्सीची वर सांगितलेली बहुतेक जनुकं अशी आहेत की आजार व्हायला बिघडलेली एक प्रतही पुरते, त्यांत नात्यातल्या लग्नाने फरक पडत नाही. दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात अशा आजारांत मात्र पडतो. उदाहरणार्थ लाफोरा आजार: किशोरवयात डोळ्यांसमोर प्रकाश दिसून फिट्स सुरू होतात, मग हातापायांना झटके आणि बुद्धीची घसरण. सुरुवातीला तो साध्या फोकल एपिलेप्सीसारखा वाटू शकतो. नात्यातलं लग्न असेल तर डॉक्टरांना न विचारताच सांगा, त्यात संकोच नको.

१५. मुलीचं लग्न ठरतंय. मुलाकडच्यांना सांगायचं का? आणि विम्याचं काय?

सांगावं, असं माझं ठाम मत आहे. एपिलेप्सी हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण हिंदू विवाह कायद्यात पूर्वी होतं, १९९९ च्या दुरुस्तीने ते काढलं. लपवून केलेल्या लग्नात मात्र फसवणुकीचा मुद्दा कोर्टात निघू शकतो. आणि कायद्यापेक्षा मोठी गोष्ट ही की सासरी लपवायचं म्हणून मुली गोळ्या चुकवतात. धाकट्या निरोगी बहिणीची चाचणी केवळ तिच्या लग्नासाठी करून घेऊ नका. तो निर्णय तिने सज्ञान झाल्यावर स्वतः घ्यायचा.

विम्याबाबत: जनुकीय आजार सरसकट वगळण्याची अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भेदभाव ठरवली आणि विमा नियामकाने त्याच वर्षी कंपन्यांना तशा सूचना दिल्या. आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षा काळ मात्र लागू होतो. अर्जात आजार लिहा.

१६. आमचा रिपोर्ट जुना आहे. पुन्हा रक्त द्यावं लागेल का?

आधी जुनाच डेटा नव्याने वाचून घ्या. डीईपीडीसी५ चा फोकल एपिलेप्सीशी संबंध २०१३ मध्ये कळला, एनपीआरएल२ आणि ३ चा त्यानंतर. जुन्या पॅनेलमध्ये ही जनुकं नसतीलही. एक्झोम असेल तर कच्च्या डेटाचं पुनर्विश्लेषण दर एक-दोन वर्षांनी मागता येतं. कधी व्हीयूएसचा वर्ग बदलतो, वर किंवा खाली. फक्त जुनं पॅनेल झालं असेल तर नवीन नमुना लागेल. जाताना जुना रिपोर्ट, एमआरआयची सीडी, ईईजी आणि आजवर घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. कुठल्या औषधाने फिट्स वाढल्या, हे त्या यादीत आवर्जून लिहा.